नाव कुणाचं आधी, पेपर कुठे आणि पीएचडी संपणार कधी?

मागच्या अंकात 'रिसर्चबद्दल काहीही विचारा' असं लिहिलं होतं तर लोकांनी खरंच काहीही विचारलंय. दोघा-तिघांनी अख्खी सिनॉप्सिस जोडून पाठवली, ती मी वाचलेली नाही, ते काम तुमच्या गाईडचं. बाकी पत्रांतली निवडक खाली देतोय. नावं छापत नाही, फक्त गाव.

मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करतेय. पहिला पेपर तयार आहे, सगळं काम माझं. सर म्हणतात माझं नाव शेवटी टाक आणि एचओडींचं मध्ये घाल. माझी रूममेट मॅथ्सची आहे, ती म्हणते नावं एबीसीडीप्रमाणेच लावतात. माझं आडनाव 'व' वरून, म्हणजे मी शेवटच्या नंबरला. खरं काय? – लातूर

रूममेट पण बरोबर आहे आणि तुझे सर पण, निदान अर्धे तरी. प्रत्येक विषयाची रीत वेगळी असते आणि गंमत म्हणजे ती कुणी शिकवत नाही, सगळे आपापल्या डिपार्टमेंटमध्ये बघून बघून शिकतात.

बायोलॉजी, मेडिकल, बरीचशी केमिस्ट्री यात पहिलं नाव ज्याने हाताने काम केलं त्याचं आणि शेवटचं नाव लॅब चालवणाऱ्याचं, म्हणजे ज्याने ग्रँट आणली त्याचं. त्यामुळे सर शेवटची जागा मागतायत म्हणजे मोठेपणाने मागे उभे राहतायत असं नाही, ती मानाचीच जागा आहे. पहिली जागा तुझी आणि ती तुला मिळायलाच हवी, त्यात तडजोड नको.

मॅथ्समध्ये मात्र सरळ आडनावाची अक्षरं. २००२ च्या ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरच्या तिघांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीने ठरवायची रीत शोधली, जगभर गाजली ती. नावं कशी आहेत तर अग्रवाल, कयाल, सक्सेना. यातले अग्रवाल हे प्रोफेसर आणि बाकी दोघं नुकतेच बीटेक झालेले, पण क्रम लागला तो अक्षरांमुळे. तुझ्या विषयातला माणूस तो पेपर बघून म्हणेल की अरे वा, सरांनीच सगळं केलं वाटतं.

फिजिक्सच्या अवाढव्य प्रयोगांत तर काही विचारूच नकोस. हिग्ज कणाचं वस्तुमान सांगणारा २०१५ चा पेपर ३३ पानांचा, त्यात फिजिक्स ९ पानं आणि उरलेली २४ पानं नुसती नावं आणि संस्था, एकूण ५,१५४ लेखक. आणि ज्या पेपरवर आजचे सगळे चॅटबॉट उभे आहेत त्या गूगलवाल्यांच्या २०१७ च्या पेपरवर आठ नावं आहेत आणि खाली तळटीप की सगळ्यांचं योगदान सारखंच, क्रम आम्ही कसाही लावलाय.

आता एचओडी. मेडिकल जर्नल्सच्या संपादकांनी ठरवलेली कसोटी अशी की ज्याचं कामात ठोस योगदान आहे, ज्याने लिहायला किंवा तपासायला हात लावलाय, ज्याने शेवटचा मसुदा मान्य केलाय आणि उद्या काही उलटसुलट निघालं तर जो जबाबदारी घेईल तोच लेखक. चारही पाहिजेत. नुसती खोली दिली, फॉर्मवर सही केली याचे आभार मानायचे, नाव नाही लावायचं. हे कागदावर झालं, आपल्याकडे काय चालतं ते तुला मी सांगायला नको. (१९७५ मध्ये अमेरिकेतल्या हेदरिंग्टन नावाच्या फिजिसिस्टने तर आपल्या मांजराला सहलेखक केलं होतं, कारण एकट्याचा पेपर असून सगळीकडे 'आम्ही' लिहून बसला होता आणि परत टाइप करायचा कंटाळा आला. पेपर चांगल्या जर्नलमध्ये छापून आला, मांजराचं नाव एफ. डी. सी. विलर्ड.)

तू भांडू नकोस, दुसरा उपाय आहे. आता बरीच जर्नल्स प्रत्येक लेखकाने काय केलं ते लिहून मागतात, त्यासाठी १४ कामांची ठरलेली यादी असते, म्हणजे प्रयोग, डेटा, लिखाण, निधी वगैरे. ती यादी घेऊन सरांकडे जा आणि साळसूदपणे विचार की सर, एचओडी सरांपुढे यातलं काय लिहू. बऱ्याचदा प्रश्न तिथेच सुटतो. नाहीच सुटला तर मधल्या नावाने तुझं काही जात नाही, पुढे जा.

'रिस्पेक्टेड एमिनंट प्रोफेसर' असा मेल आलाय. पेपर पाठवा, तीन दिवसात पब्लिश, आयएसएसएन आहे, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, फी फक्त १,५०० रुपये. यूजीसीची केअर लिस्ट (मान्य जर्नल्सची यादी) तर बंद झाली, मग आता खरं-खोटं ओळखायचं कसं? – जळगाव जिल्हा, इंजिनिअरिंग कॉलेजमधले एक सर

सर, तीन दिवसात तर झेरॉक्सवाला पण बाइंडिंग करून देत नाही. पेपर आला की संपादक बघणार, मग त्या विषयातले दोन-तीन लोक शोधणार, ते आपली कामं सांभाळून फुकटात वाचणार, शंका काढणार, तुम्ही उत्तरं देणार, परत वाचणार. याला काही आठवडे ते काही महिने, आणि मॅथ्स असेल तर वर्षंही. तीन दिवस म्हणजे कुणी वाचलेलंच नाही.

आयएसएसएन हा नुसता नोंदणीचा नंबर आहे, कुठल्याही नियतकालिकाला मिळतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणाल, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा सरासरी किती उल्लेख होतो तो आकडा, तर खरा आकडा क्लॅरिव्हेट नावाची कंपनी दरवर्षी काढते, बाकी तसल्याच नावाचे आकडे विकत मिळतात.

हे किती बोकाळलंय याचा एक मस्त पुरावा आहे. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने एक खोटा पेपर रचला, दगडफुलासारख्या लायकेनमधल्या एका रेणूने कॅन्सरच्या पेशी मरतात असा, आणि त्यात मुद्दाम अशा चुका ठेवल्या की बारावीच्या पोरानेही पकडाव्या. ३०४ जर्नल्सना पाठवला, १५७ नी स्वीकारला! त्याच्या पुढच्याच वर्षी एका कंटाळलेल्या ऑस्ट्रेलियन प्रोफेसरने असल्या एका जर्नलला 'मला तुमच्या मेलिंग लिस्टमधून काढा' (मूळ वाक्यात शिवी पण आहे) हेच वाक्य पानंच्या पानं लिहिलेला पेपर पाठवला, तो त्याचा नव्हताच, दोन अमेरिकन लोकांनी गंमत म्हणून आधीच बनवून ठेवलेला होता. उत्तर आलं 'एक्सलंट', छापतो, १५० डॉलर भरा.

आपल्याकडे यूजीसीची आधी एक मान्यताप्राप्त यादी होती. त्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेली जी जर्नल्स होती त्यातली १,००९ पुणे विद्यापीठाच्या लोकांनी तपासली तर ८८ टक्के निकषात बसेनात, हे २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून उडवली, मग केअर आली आणि ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, आता संस्थांनीच ठरवा म्हणतात. मला विचाराल तर यादी असताना लोक डोकं वापरत नव्हते आणि यादी गेल्यावर घाबरलेत, दोन्ही तितकंच वाईट.

ओळखायची सोपी रीत सांगतो. तुमच्या पेपरच्या शेवटी जे संदर्भ दिलेत ते कुठल्या जर्नल्समधले आहेत? तुम्ही ज्यांचं वाचता तिथेच पाठवा. मग त्या मेलवाल्या जर्नलचा मागचा अंक उघडा, एकाच अंकात नॅनोटेक्नॉलॉजी, संत साहित्य आणि जीएसटी असेल तर लॅपटॉप मिटा. संपादक मंडळातल्या एका माणसाला त्याच्या संस्थेच्या पानावरून मेल टाका, बऱ्याच जणांना आपलं नाव तिथे आहे हेच माहीत नसतं. आणि 'स्कोपस इंडेक्स्ड' (म्हणजे स्कोपस या जर्नल्सच्या मोठ्या सूचीत नोंद आहे) लिहिलं असेल तर ते स्कोपसच्या साइटवर जाऊन बघा, जर्नलच्या साइटवर नाही, कारण चांगल्या जर्नलची हुबेहूब नकली साइट बनवून पैसे घेणारे पण आहेत.

मुलगी बॉटनीत पीएचडी करतेय, पाचवं वर्ष चालू आहे. जाऊबाईंचा मुलगा कॉम्प्युटरमध्ये चार वर्षांत डॉक्टर झाला. लोक विचारतात अजून किती, आणि तिला विचारलं की ती चिडते. मी कुणाला विचारू? – चिपळूण

ताई, मलाच विचारलंत ते बरं केलंत, तिला नका विचारू.

आधी नियम सांगतो म्हणजे लोकांना तोंडावर सांगता येईल. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६, त्यावर परत नोंदणी करून आणखी २ मिळू शकतात, आणि मुलींना त्याहून २ जास्त. बाळंतपण किंवा मुलांसाठी २४० दिवसांपर्यंत रजा वेगळी. म्हणजे पाचवं वर्ष हे काही उशिराचं लक्षण नाही.

आता जाऊबाईंच्या मुलाचं. कॉम्प्युटरमध्ये लोक जर्नलची वाटच बघत नाहीत, तिथे मोठ्या कॉन्फरन्स असतात, वर्षातून ठरलेल्या तारखा, त्या तारखेला पेपर टाकला की काही महिन्यांत हो किंवा नाही. प्रयोग रात्री लावला, सकाळी बघितला, जमला नाही तर दुपारी परत. तुमच्या मुलीचं तसं नाही. तिचं झाड एकदाच फुलतं वर्षातून. त्या वर्षी पाऊस लांबला, मोहोर जळला, किडीने खाल्लं की ती पुढच्या वर्षावर गेली, यात तिचा आळस कुठेच नाही. तुम्ही चिपळूणच्या म्हणून सांगतो, 'रत्ना' आंबा माहीत असेलच, आपल्या कोकण कृषी विद्यापीठाचा, नीलम आणि हापूसचा संकर. मग त्याच रत्नाचा परत हापूसशी संकर करून 'सिंधू' काढला, ज्याची कोय पातळ असते. आता विचार करा, संकर करायचा, कोय लावायची, झाड वाढवायचं, चार-पाच वर्षांनी फळ धरलं की मग कळणार बरं आलंय का, मग कलमं करून परत बघायचं. यात माणसाची निम्मी नोकरी जाते. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला एक गव्हाचं शेत आहे, तिथे कुठल्या खताने काय होतं हे १८४३ पासून बघतायत, अजून चालूच आहे.

आणि हे फक्त झाडांचं नाही हं. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, जगभरचे लोक तिथे वेळ मागतात. अर्ज वर्षातून दोनदा करायचा, मंजूर झाला तर काही तास मिळतात. मिळाले नाहीत तर थांबा सहा महिने, रेडिओ ॲस्ट्रॉनॉमीत पीएचडी करणाऱ्या पोराचं कॅलेंडर त्याच्या हातात नसतंच. मॅथ्समध्ये थॉमस हेल्सने संत्री कमीत कमी जागेत कशी रचावी यावरची जुनी अटकळ सिद्ध केली १९९८ ला, बारा तज्ज्ञ तपासायला बसले आणि काही वर्षांनी म्हणाले की आमची ९९ टक्के खात्री आहे, पुढे जाता येत नाही. पेपर आला २००५ ला.

एक गोष्ट मात्र तिच्याशी शांतपणे बोलून घ्या, पैशाची. तिला जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी सरकारी फेलोशिप) असेल तर फेलोशिप साधारण पाच वर्षंच मिळते, पहिली दोन वर्षं ३७,००० आणि मग ४२,००० महिना (हे दर जानेवारी २०२३ पासूनचे). बार्टी, सारथी, महाज्योतीची फेलोशिप असेल तर तिचीही मुदत असतेच. म्हणजे तिची चिडचिड 'अजून किती' या प्रश्नाची कमी आणि पुढच्या वर्षी हातात काय येणार याची जास्त असू शकते. घरून थोडी मदत होईल असं तुम्ही आपणहून सांगितलंत तर बघा फरक पडतो का. आणि नातेवाईकांना सांगा, झाड फुललं की कळवू.

आमच्या औंढ्याला लायगो येतंय म्हणतात. २,६०० कोटी रुपये. आमच्याकडे शाळेच्या खोल्या गळतात. आम्हाला याचा उपयोग काय ते स्पष्ट सांगावे. – हिंगोली, निवृत्त शिक्षक

गुरुजी, स्पष्टच सांगतो, शाळेचं छप्पर याने दुरुस्त होणार नाही आणि कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. छपराचे पैसे वेगळ्या खिशातून यायला हवेत आणि ते मागत राहायलाच हवं.

लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडायचं यंत्र, काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर, आत निर्वात पोकळी, त्यातून लेझर जातो. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं आदळली की अवकाशालाच लाट येते आणि त्या नळ्यांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी इतकी बदलते, ती मोजायची. अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा मोजली. त्या गोंगाटातून खरा सिग्नल कसा उचलायचा याचं गणित पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी कितीतरी आधीपासून करत होते, तेव्हा हे यंत्र चालेल की नाही याचीच शंका होती. केंद्राने मंजुरी दिली एप्रिल २०२३ मध्ये. औंढाच का, तर जमीन शांत पाहिजे, ट्रक आणि रेल्वेची थरथर पण याला चालत नाही. आणि भारतातच का, तर लाट कुठून आली ते कळायला एकमेकांपासून लांब लांब यंत्रं लागतात.

उपयोगाचं म्हणाल तर एक खरी गोष्ट. १९७० च्या दशकात जॉन ओ'सलिव्हन नावाचा ऑस्ट्रेलियन रेडिओ ॲस्ट्रॉनॉमर फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे रेडिओ स्फोट शोधत होता. एकही सापडला नाही. पण विस्कटलेला सिग्नल सरळ करायचं जे गणित त्यात वापरलं तेच पुढे त्याने आणि त्याच्या टीमने, भिंतींवर आपटून विस्कटणाऱ्या वायरलेस सिग्नलसाठी लावलं, ते आज आपल्या वायफायमध्ये आहे. त्याच्या सरकारी संस्थेला त्या पेटंटचे ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त मिळाले. हे आधी कुणी सांगू शकलं असतं का? नाही. औंढ्यातून असंच काही निघेल का, कुणीही सांगू शकत नाही. तुमच्या गावच्या पोरांनी मात्र आत्तापासून विचारत राहावं, तिथे टेक्निशियन, व्हॅक्यूम, इलेक्ट्रॉनिक्सची माणसं लागणार आहेत आणि ती सगळी पुण्या-मुंबईची का असावीत.

थिसिसचा सिमिलॅरिटी रिपोर्ट (दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतं ते) ३४ टक्के आला. मित्राने एक पॅराफ्रेझिंग ॲप दिलंय, सगळे शब्द बदलून देतं. वापरू का? – पुणे

नको रे बाबा. त्या ॲप्सनी काय केलंय माहितीये का, २०२१ मध्ये तिघा संशोधकांनी असले पेपर शोधून काढले ज्यात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' ऐवजी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' आणि 'ब्रेस्ट कॅन्सर' ऐवजी 'बुझम पेरिल' लिहिलेलं होतं. आता त्या शब्दांची यादीच आहे आणि कॉम्प्युटर ती शोधत फिरतो, शेकड्यांनी पेपर मागे घेतले गेलेत.

तुझं ३४ म्हणजे जगबुडी नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत काही नाही, १० ते ४० असेल तर सुधारून सहा महिन्यांच्या आत परत द्यायचं, ४० च्या पुढे एक वर्ष थांबावं लागतं आणि ६० च्या पुढे नोंदणीच रद्द. आधी रिपोर्ट नीट उघड, संदर्भसूची, अवतरणचिन्हातला मजकूर, अनुक्रमणिका हे वगळून काढला होता का ते बघ, बऱ्याचदा लायब्ररीवाले घाईत वगळत नाहीत. तुझाच छापलेला पेपर त्यात धरला असेल तर गाईडचं पत्र लागेल. उरलेलं म्हणजे बहुतेक दुसरं प्रकरण असणार, लिटरेचर रिव्ह्यू. ते समोरचा पेपर मिटून, आठवून, आपल्या भाषेत लिही. वेळ जातो, इलाज नाही.

मी मॅथ्स शिकवतो. प्रमोशनच्या वेळी माझे पेपर केमिस्ट्रीवाल्यांच्या शेजारी ठेवून इम्पॅक्ट फॅक्टर जोडतात, मी कायम खाली. – कोल्हापूर

सर, नारळ आणि ज्वारी एकाच पायलीने मोजायचा प्रकार आहे हा. हा आकडा युजीन गारफील्डने मुळात आपल्या संदर्भसूचीत कुठली जर्नल्स घ्यावीत ते ठरवायला काढला, लायब्ररीला पण कुठली जर्नल्स घ्यावीत ते ठरवायला उपयोगी पडला, माणूस मोजायला तो नव्हताच. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या पेपरांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला एवढंच तो सांगतो. मॅथ्सचा पेपर लोक वाचायलाच दोन वर्षं घेतात, मग त्यात काय दिसणार. मॅथ्सच्या जगातलं सगळ्यात मानाचं 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' पाचाच्या आसपास घुटमळतं आणि कॅन्सरच्या एका जर्नलचा आकडा काही शेकड्यांत असतो. ग्रिगोरी पेरेलमनने पॉइन्कारेची अटकळ, मॅथ्समधला एक जुना अडलेला प्रश्न, सोडवली ती २००२-०३ मध्ये नुसती अर्काइव्हवर, म्हणजे पेपर फुकट ठेवायच्या साइटवर, टाकली, कुठल्याही जर्नलला दिली नाही. आपल्या प्रमोशनच्या फॉर्ममध्ये त्याला शून्य मार्क पडले असते.

कमिटीला दाखवायला कागद हवा असेल तर 'डोरा' नावाचं सॅन फ्रान्सिस्कोचं २०१३ मध्ये छापलेलं जाहीरनामापत्र आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की जर्नलचा आकडा माणसाच्या कामाचं माप म्हणून वापरू नका. त्याची प्रिंट जोडा आणि सोबत मॅथ्सच्या लोकांमध्ये तुमचं जर्नल कुठे बसतं ते लिहा. कमिटी ऐकेलच असं नाही, पण फाइलला कागद लागलेला बरा.

बँकेतून निवृत्त झालो. कोलाट्झचा प्रश्न मी सोडवला आहे. चार विद्यापीठांना पाठवलं, कुणी पोच पण देत नाही. बाहेरच्या माणसाला दारच नाही का? – सांगली

काका, दार आहे पण अरुंद आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आठवा, विद्यापीठातली नोकरी नाही की पुढची डिग्री नाही, ६१७४ हा आकडा आज जगभर त्यांच्या नावाने ओळखतात. आणि ताजं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधले डेव्हिड स्मिथ, छपाईच्या धंद्यातून निवृत्त, हौशी माणूस. २०२२ च्या शेवटी त्यांना एक टोपीसारखी फरशी सापडली जी जमीन पूर्ण भरते पण नक्षी कधीच ठराविक अंतराने परत येत नाही. त्यांनी कागद कापून कापून खात्री केली आणि मग 'मी सिद्ध केलं' असं न म्हणता एका प्रोफेसरला दाखवून विचारलं की हे काय असेल. चौघांनी मिळून सिद्ध केलं आणि पेपरवर पहिलं नाव स्मिथ यांचं आहे.

तुमच्या सिद्धतेसाठी एक चाचणी घरीच करा. कोलाट्झ म्हणजे, बाकी वाचकांसाठी सांगतो, कुठलीही संख्या घ्या, सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवा, असं करत गेलं की शेवटी १ येतोच का? आता तुमच्या सिद्धतेत 'मिळवा'च्या जागी 'वजा करा' टाका. तिप्पट उणे १. सुरुवात ५ पासून: ५, १४, ७, २०, १० आणि परत ५. गोल फिरतंय, १ कधीच येणार नाही. तुमची सिद्धता हा बदल करूनही तशीच चालत असेल तर तिच्यात कुठेतरी चूक आहे, कारण ती खोटी गोष्टही सिद्ध करतेय. बहुतेक सिद्धता इथेच पडतात. तिथे टिकली तर मला परत लिहा, खरंच लिहा.

दोन वर्षं एका वनस्पतीच्या अर्काचा बॅक्टेरियावर परिणाम बघतेय. काहीच परिणाम नाही. सर म्हणतात चांगली आलेली रीडिंग घे. काय करू? – नागपूर, फार्मसी

नको घेऊस. सरांना थेट नाही म्हणायची भीती वाटत असेल तर आधी एवढं तपास की ओळखीचं अँटिबायोटिक टाकलेल्या प्लेटवर बॅक्टेरिया मरतायत ना. तिथे मरत असतील आणि तुझ्या अर्काने मरत नसतील तर तुझा प्रयोग बरोबर आहे आणि उत्तर 'नाही' आहे. ते पण उत्तरच. मायकेलसन आणि मॉर्ली यांना १८८७ मध्ये ईथर (प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानायचे ते माध्यम) सापडला नाही आणि तेच त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम. २०२३ च्या जुलैत कोरियातून एलके-९९ ची बातमी आली, खोलीच्या तापमानाला चालणारा सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला अजिबात अडथळा न करणारा पदार्थ म्हणे, तेव्हा दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या लोकांनी तो बनवून बघितला आणि सांगितलं की नाही हो, आमच्याकडे नाही दिसत. जगात बाकीच्यांनाही नाही दिसला, आणि महिनाभरात विषय संपला.

चांगली रीडिंग निवडायची सवय कुठे नेते ते सायकॉलॉजीवाल्यांना विचार, २०१५ मध्ये त्यांनी छापलेले १०० अभ्यास परत करून बघितले तर जेमतेम ३६ टक्क्यांत तसाच निकाल आला. थिसिसमध्ये 'परिणाम आढळला नाही' लिहिलं म्हणून डिग्री अडत नाही, पद्धत नीट असली पाहिजे. हवं तर वेगवेगळी सॉल्व्हंट आणि कॉन्सन्ट्रेशन वापरून एक सेट वाढव, सरांनाही तेवढं पटेल.

आमचं खाजगी कॉलेज. एक पेपर वाचायला ३५ डॉलर मागतात. वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये आम्ही नाही म्हणे. – फोंडा, गोवा

हो, सरकारने पैसे भरून संस्थांना जर्नल्स वाचायला द्यायची ती योजना जानेवारी २०२५ पासून चालू आहे, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, तीन वर्षांना ६,००० कोटी, पण सुरुवात केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांपासून केलीय. तोपर्यंत तुम्ही पेपरचं पूर्ण नाव अवतरणचिन्हात टाकून गूगल स्कॉलरवर शोधा आणि खाली 'ऑल व्हर्जन्स' वर क्लिक करा, फिजिक्स, मॅथ्स, कॉम्प्युटरचे निम्मेअधिक तिथे अर्काइव्हवर फुकट सापडतात. भारतातले थिसिस शोधगंगावर आहेत, तिथे लॉगिनची पण गरज नाही. तरी नाही मिळालं तर लेखकालाच मेल टाका. त्या ३५ डॉलरमधला एक पैसाही त्याला मिळत नाही, उलट कुणी वाचतंय म्हणून खूश होतो. चार ओळी लिहा, कुठल्या कॉलेजमधून, कशासाठी हवाय, आणि विषयाच्या जागी पेपरचं नाव. 'रिस्पेक्टेड एमिनंट प्रोफेसर' असं मात्र लिहू नका, स्पॅममध्ये जाईल.